फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीतील अंडरस्टिअर: मागचा जाड बार घेण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या खांबात असलेले सस्पेन्शन) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) आहे. प्रश्नकर्त्याने उंची सुमारे ४० मिलिमीटर कमी करणाऱ्या स्प्रिंगा, रुंद रिम आणि पुढचा स्ट्रट बार (दोन्ही स्ट्रटांची वरची टोके जोडणारी दांडी) बसवला आहे. एवढे करूनही, किंबहुना त्यानंतर जास्तच, गाडी वळणात नाक बाहेर काढते, म्हणजे स्टीअरिंग वळवूनही हवी तेवढी वळत नाही; यालाच अंडरस्टिअर म्हणतात. आता मागे जाड अँटी-रोल बार (डावे-उजवे चाक जोडून वळणातला गाडीचा कल कमी करणारी दांडी) बसवला तर हा दोष जाईल का, असे त्यांना विचारायचे आहे.

बार बसवल्यावर फरक नक्की जाणवेल, पण दोष ज्या कारणाने वाढला ते कारण तसेच राहील. गाडीचा समतोल पुढची पकड वाढवूनही बदलतो आणि मागची पकड घटवूनही बदलतो. मागचा बार मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो स्वस्त आहे, दोन तासांत बसतो आणि पहिल्याच वळणात जाणवतो, म्हणून सगळे त्याच्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. पुढच्या टायरांना जेवढी पकड मिळणे शक्य आहे तेवढी आधी मिळवून द्यावी आणि उरलेला अंडरस्टिअर मागच्या बाजूने काढावा. हा क्रम पाळला तर गाडी खरोखर वेगवान होते. उलटा केला तर ती फक्त चपळ वाटते, आणि पावसात तीच चपळाई महागात पडते.

यामागचे कारण टायरच्या एका गुणधर्मात आहे. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची बाजूची पकड दुप्पट होत नाही. ती वाढते, पण भाराच्या प्रमाणापेक्षा कमी. त्यामुळे एका अॅक्सलच्या दोन चाकांवर भार समान असतो तेव्हा त्या जोडीची एकूण पकड सर्वाधिक असते आणि भार जसजसा आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर सरकतो तसतशी ती घटते. चालकासह १२०० किलोची गाडी घेऊ. दोन चाकांमधील रुंदी १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) एवढ्या बाजूच्या प्रवेगाला आतून बाहेर सरकणारा भार सुमारे ३५२ किलो येतो. हा आकडा वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि प्रवेग या चारच गोष्टींवर ठरतो. स्प्रिंगा किंवा बार कितीही कडक केले तरी तो बदलत नाही. त्यांच्यामुळे बदलते ती वाटणी, म्हणजे या ३५२ किलोंपैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या जोडीने.

आता या गाडीचे ६२ टक्के वजन पुढे आहे असे समजू, म्हणजे उभ्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर ३७२ आणि मागच्या प्रत्येक चाकावर २२८ किलो. सरकणाऱ्या भारापैकी ६० टक्के वाटा पुढे गेला तर पुढचे बाहेरचे चाक ५८३ किलोंवर आणि आतले १६१ किलोंवर येते. मागे हेच आकडे ३६९ आणि ८७ होतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंग आणि जोर लावण्याचे काम हे सारे ज्या टोकाला आहे, त्याच टोकाचे एक टायर सर्वाधिक दडपले गेले आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी बहुतेक प्रत्येक गाडी मुद्दाम अशीच ठेवलेली असते, कारण घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो, भार पुढे येतो आणि नाक आपोआप वळणात परत येते. निर्मात्याने विचारपूर्वक दिलेली ही सुरक्षितता आपण काढून घेत आहोत, एवढे भान पुढच्या प्रत्येक बदलात ठेवावे लागते.

बदलांकडे वळण्यापूर्वी अंडरस्टिअर नेमका कुठे होतो ते ठरवावे. वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर आणि बाहेर पडताना होणारे अंडरस्टिअर ही तीन वेगळी दुखणी आहेत. शिरताना नाक उशिरा वळत असेल तर टो (वरून पाहता चाके किंचित आत वा बाहेर वळलेली असणे), डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) आणि बुश (सांध्यांतील रबरी नळ्या) यांच्याकडे बघावे. पुष्कळदा वेग आणि ब्रेक सोडण्याची घाई हेच कारण निघते. वेग स्थिर असताना मध्यावर नाक बाहेर जात असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; वरची कड आत झुकली असेल तर ऋण), रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) आणि पुढे-मागे रोलच्या कडकपणाची वाटणी हे खरे विषय आहेत. बाहेर पडताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच दोष दिसत असेल तर टायरची पकड पुढे ढकलण्यात खर्च होते आहे आणि वळवण्यासाठी पुरेशी उरत नाही. तिथे सस्पेन्शनचा हात मर्यादित आहे.

हे तपासण्यासाठी मोकळी, बंदिस्त, सपाट जागा आणि ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ पुरते. आयएसओ ४१३८ या मानकातील स्थिर वर्तुळ-चाचणी याच कल्पनेवर आहे. त्या वर्तुळावर ०.८ जी म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर आणि एका फेरीला साधारण १२ सेकंद. स्टीअरिंगच्या वरच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावावी, वेग हळूहळू वाढवत जावा आणि स्टीअरिंग किती जास्त फिरवावे लागते ते पाहावे. हातातला जडपणा एकाएकी हलका झाला आणि आणखी फिरवूनही गाडी आत येत नसेल, तर पुढचे टायर त्यांच्या कमाल कोनाच्या पलीकडे गेले आहेत; तिथून पुढे स्टीअरिंग फिरवणे म्हणजे टायर झिजवणे. फेरीची वेळ लिहून ठेवावी. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी, त्याच टायर-दाबाला आणि एका वेळी एकच बदल करून घ्यावी. समतोल सुधारल्यासारखा वाटला पण फेरीची वेळ वाढली, तर पुढची पकड वाढलेली नसून मागची घटली आहे, हे कोणत्याही चर्चेविना समजते.

आता प्रश्नकर्त्याच्या गाडीकडे येऊ. माझा पहिला संशय त्या ४० मिलिमीटरवर आहे. उंची कमी केली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि सरकणारा भार थोडा कमी होतो, हे खरे आहे. परंतु मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याच वेळी आणखी तीन गोष्टी घडतात आणि त्या तिन्ही पुढच्या टायरच्या विरोधात जातात.

पहिली गोष्ट रोल सेंटरची. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भागाचे, आतले टोक सबफ्रेमला आणि बाहेरचे टोक बॉल जॉइंटने नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) जोडलेले असते. मूळ उंचीला हा आर्म बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरलेला असतो. गाडी खाली केली की तो आडवा होतो, आणखी खाली केली की बाहेरच्या बाजूला वर चढतो, आणि त्याबरोबर पुढचे रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने खाली जाते. त्यामुळे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतील अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, कमी होण्याऐवजी वाढते. कडक स्प्रिंगांचा अर्धा फायदा ही वाढलेली तरफच खाऊन टाकते. दुसरी गोष्ट कॅम्बरची. आर्म आडवा झाल्यावर चाक वर दाबले गेले तरी त्याला मिळणारा ऋण कॅम्बर जवळजवळ थांबतो आणि आर्म वर चढला असेल तर उलट कमी होऊ लागतो. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे: बंप स्टॉप, म्हणजे स्ट्रट पूर्ण दबताना त्याला थोपवणारा रबरी तुकडा. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर आखूड स्प्रिंग बसवली की स्ट्रटला खाली जायला फार थोडी जागा उरते. वळणाच्या मध्यावर बाहेरचा पुढचा स्ट्रट बंप स्टॉपवर टेकतो आणि त्या क्षणी पुढचा कडकपणा अचानक कित्येक पट वाढतो. सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा एकदम पुढे येतो आणि आतापर्यंत वळणारे नाक सरळ निघून जाते. दोष हळूहळू न वाढता एका ठरावीक बिंदूला झटक्यात येत असेल, तर मी बहुतेक वेळा आधी इथेच पाहतो. पिस्टन रॉडवर पातळ केबल-टाय घट्ट बांधून एक फेरफटका मारावा. ती बंप स्टॉपपर्यंत जाऊन चिकटलेली दिसली की निदान पक्के.

यावरचा स्वस्तातला उपाय कोणाला आवडत नाही: गाडी १५ ते २० मिलिमीटर पुन्हा वर घ्यावी. सपाट जागेवर उभ्या गाडीत लोअर आर्मचा बॉल जॉइंट आतल्या पिव्हॉटपेक्षा खाली, निदान बरोबरीत असावा, ही माझी साधी कसोटी आहे. गाडी खालीच ठेवायची असेल तर लांब पिनचा बॉल जॉइंट मिळतो. तो आर्मचे बाहेरचे टोक खाली आणतो आणि रोल सेंटर पुन्हा वर येते. मात्र तसे करताना टाय रॉडचे (स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाऊन ते वळवणाऱ्या दांडीचे) बाहेरचे टोकही त्याच प्रमाणात खाली घ्यावे लागते. आर्म आणि टाय रॉड यांचे कोन जुळले नाहीत तर चाक वर-खाली होताना टो बदलत राहतो, म्हणजे बंप स्टिअर येतो, आणि खडबडीत वळणात गाडी स्वतःच स्टीअरिंग करू लागते. आतल्या बाजूने रिमला किती जागा उरते तेही चाक पूर्ण वळवून पाहावे. आखूड स्प्रिंगांबरोबर त्यांच्यासाठीच बनवलेले आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावेत. फक्त बंप स्टॉप कापून काम भागवल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर आतून धातूवर आपटून निकामी होतो.

यानंतर कॅम्बर. पुढच्या अंडरस्टिअरवर खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ देणारा बदल कोणता असे मला विचारले, तर मी विचार न करता हेच नाव घेतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचा पुढचा कॅम्बर शून्य ते ऋण एक अंश या दरम्यान असतो. वळणात गाडी तीन-साडेतीन अंश कलली तर बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते. मॅकफर्सनची भूमिती त्यातला जेमतेम एखादा अंश भरून काढते. म्हणजे ज्या टायरवर ५८३ किलो भार आहे तोच टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि त्याचा आतला अर्धा भाग जवळजवळ फुकट जातो. ऋण दीड ते दोन अंश स्थिर कॅम्बर दिला की तोच टायर सपाट बसतो. मागच्या टोकाकडून काहीही न घेता पुढे पकड वाढते, त्यामुळे वर्तुळावरची फेरी खरोखर कमी वेळात होते.

हा कॅम्बर मिळवण्यासाठी स्ट्रट आणि नकल यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री, म्हणजे कॅम्बर बोल्ट बसवता येतो. त्यातून साधारण एक ते दीड अंश फरक मिळतो. हे बोल्ट मूळ बोल्टांपेक्षा बारीक असतात, म्हणून सांगितलेला टॉर्क पाळावा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावा. खड्ड्याच्या धक्क्याने ते सरकलेले मी पाहिले आहेत. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या माउंटच्या जागी कॅम्बर प्लेट. ती स्ट्रटचे वरचे टोक आत सरकवते आणि काही नमुन्यांत मागेही सरकवता येते, म्हणजे कॅस्टरही (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल) वाढतो. मात्र त्यात रबराऐवजी धातूचे बेअरिंग असते, त्यामुळे रस्त्याचा आवाज थेट आत येतो. रोजच्या गाडीला मी बोल्टच सुचवतो.

कॅम्बर किती हवा हे पुस्तकातून नव्हे, टायरकडून विचारावे. जोरदार चालवून थांबल्यावर लगेच टायरचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी सुईच्या पायरोमीटरने मोजावे. बाहेरची कड सर्वांत गरम असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे. आतली कड थोडी जास्त गरम असणे योग्य. मधला भाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त झाली आहे. पायरोमीटर नसेल तर टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून ती कुठवर पुसली जाते ते पाहावे. ऋण दोन अंशांच्या पलीकडे सरळ रेषेतील ब्रेकिंगची आणि जोर लावण्याची पकड हळूहळू घटू लागते, कारण सरळ जाताना टायर आतल्या कडेवर चालतो. रुंद रिमविषयीही इथेच सांगतो. रुंद टायर कॅम्बरच्या चुकीला अधिक संवेदनशील असतो. म्हणून प्रश्नकर्त्याच्या गाडीत रिम बदलल्यानंतर दोष वाढलेला वाटणे मला अस्वाभाविक वाटत नाही, त्यातही रिमचा ऑफसेट बदलून चाके बाहेर आली असतील तर स्टीअरिंगला जाणारे धक्के आणि जोर लावताना होणारी ओढही वाढते.

कॅस्टरचे काम वेगळे आहे. चाक वळवल्यावरच तो बाहेरच्या चाकाला ऋण कॅम्बर देतो. पाच अंश कॅस्टर असेल आणि चाक दहा अंश वळले असेल तर त्यातून सुमारे ०.९ अंश मिळतो, तीन अंशांतून जेमतेम अर्धा. किंगपिनच्या, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाच्या, आतल्या बाजूच्या कलामुळे त्यातला थोडा परत जातो. हा कॅम्बर फक्त वळणात मिळतो आणि सरळ जाताना टायर झिजवत नाही, म्हणून शक्य असेल तिथे तो घ्यावा; स्टीअरिंग थोडे जड होईल. लोअर आर्मच्या मागच्या बुशच्या जागी विकेंद्री बुश बसवून एखादा अंश मिळतो. टोबद्दल थोडक्यात: पुढे शून्य, किंवा एकूण एक-दोन मिलिमीटर बाहेर. टो बाहेर असला की गाडी शिरताना तत्पर वाटते, पण जास्त दिला तर सरळ रस्त्यावर भटकते आणि टायरची आतली कड खाते. कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी लावावा.

एवढे झाल्यावर मागचा बार. वरच्या उदाहरणात त्याचे गणित पाहू. बार बसवल्यामुळे पुढचा वाटा ६० वरून ५० टक्क्यांवर आला तर पुढचे बाहेरचे चाक ५८३ वरून ५४८ किलोंवर येते आणि आतले १६१ वरून १९६ वर जाते. पुढची जोडी अधिक समान झाली, म्हणजे तिची पकड वाढली. शिवाय एकूण कल कमी झाल्याने पुढच्या टायरचा कॅम्बरही थोडा वाचला आणि आतल्या चाकावर भार राहिल्याने ते जोर लावताना कमी घसरते. मागे मात्र आकडे ४०४ आणि ५२ झाले. याच गाडीत मागचा वाटा ६५ टक्क्यांपर्यंत नेला की आतले मागचे चाक हवेत जाते. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या शर्यतीत हे दृश्य नेहमीचे आहे. १९७६ साली आलेल्या पहिल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची तीन चाकांवर वळणारी छायाचित्रे प्रसिद्धच आहेत. चाक उचलले जाणे हा स्वतःहून दोष नाही, पण ती बारची मर्यादा आहे. ज्या चाकावर भारच उरला नाही त्याच्यावरून आणखी भार काढता येत नाही. त्या क्षणानंतर वाढणारा प्रत्येक किलो पुढच्या जोडीवरच जातो, म्हणून त्याहून जाड बार घेऊन मध्यावरच्या अंडरस्टिअरमध्ये काहीही फरक पडत नाही.

जाडी निवडताना लक्षात ठेवावे की भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटर म्हणजे दिसायला दोनच मिलिमीटर, पण कडकपणा ४६ टक्क्यांनी जास्त. २४ मिलिमीटरला तो दुपटीहून अधिक होतो. पोकळ बारची तुलना नुसत्या बाहेरच्या व्यासावरून करू नये. टॉर्शन बीममध्ये तर बीम स्वतःच पिळला जाऊन अँटी-रोल बारचे काम करत असतो; बाजारातले संच त्याच्या दोन हातांमध्ये आणखी एक बार जोडून त्यात भर घालतात. म्हणून अशा गाडीत मूळ बार दिसत नाही याचा अर्थ तिथे कडकपणा शून्य आहे असा होत नाही. दोन-तीन छिद्रे असलेला, कडकपणा बदलता येणारा बार घ्यावा आणि सर्वांत मऊ छिद्रापासून सुरुवात करावी. लिंक (बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) असलेला बार असेल तर गाडी चाकांवर उभी असतानाच लिंक घट्ट कराव्यात, नाहीतर बार आधीच पिळलेला राहतो आणि गाडी डावीकडे एक व उजवीकडे दुसरे वागते. ब्रॅकेट जिथे बसतात तो पत्रा पातळ असेल तर त्याला मागून प्लेट द्यावी.

पुढचा अँटी-रोल बार काढून टाका किंवा बारीक करा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. कागदावर तो बरोबर आहे, कारण पुढचा वाटा कमी होतो. पण मऊ स्प्रिंगांच्या मॅकफर्सन गाडीत बार काढला की गाडी जास्त कलते, कॅम्बर निघून जातो आणि भाराच्या वाटणीत जे मिळवले ते टायर खांद्यावर उभा राहून गमावतो. अशा काही गाड्यांत पुढचा बार उलट कडक केल्यावर पकड वाढते. तरीही तो मार्ग मी सुचवत नाही, कारण आतले पुढचे चाक हलके होऊन बाहेर पडताना नुसते फिरत राहते. पुढचा मूळ बार तसाच ठेवावा.

स्प्रिंगांच्या बाबतीत लोक स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यांची तुलना करतात, ती व्यर्थ आहे. चाकापाशी जाणवणारा कडकपणा हा स्प्रिंगचा कडकपणा गुणिले मोशन रेशोचा (चाकाच्या हालचालीच्या मानाने स्प्रिंग किती दबते त्या प्रमाणाचा) वर्ग असतो. पुढे स्ट्रट चाकाच्या अगदी जवळ असल्याने तो रेशो एकच्या जवळ असतो. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग चाकाच्या पुढे सरकवून बसवलेली असते. तिथे रेशो ०.७५ असेल तर मिलिमीटरला ३० न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी फक्त १७ न्यूटनची राहते. पुढे चाकापाशी २५ न्यूटन आणि प्रत्येक चाकावर स्प्रिंगवर ३३० किलो तोललेले वजन असेल तर नैसर्गिक वारंवारता (गाडी सेकंदाला किती वेळा डोलते) सुमारे १.४ हर्ट्झ येते. मागे १७ न्यूटन आणि १९० किलोंना १.५ हर्ट्झ. म्हणजे मागची बाजू वजनाच्या मानाने आधीच थोडी कडक आहे. मागची वारंवारता पुढच्यापेक्षा जास्त ठेवावी, म्हणजे उंचवट्यानंतरचे डोलणे लवकर शमते, ही सस्पेन्शन अभियंता मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मांडलेली गोष्ट इथे अंडरस्टिअर कमी करण्याच्या दिशेनेच जाते. स्प्रिंगांचा संच निवडताना पुढे वाढलेला कडकपणा मागच्यापेक्षा प्रमाणाने जास्त नाही ना, एवढे विचारावे. तसे असेल तर तो संच दिसण्यासाठी बनवला आहे.

डॅम्पर स्थिर वळणात काहीच करत नाहीत, कारण तिथे स्ट्रट हलत नसतो. भार किती वेगाने सरकतो एवढेच ते ठरवतात, म्हणून त्यांचा उपयोग शिरताना आणि बाहेर पडताना. मागचे डॅम्पर दोन क्लिक कडक केले तर नाक लवकर वळते. पण मध्यावरचा अंडरस्टिअर डॅम्परने काढायला गेलेला माणूस आठवडे घालवतो. लोअर आर्मचे जुने, फाटलेले बुश मात्र आधी बदलावेत, कारण त्यांच्यामुळे लावलेला टो आणि कॅम्बर वळणात टिकतच नाही. पॉलियुरेथेनचे घेतले तर आवाज आणि कंप थोडा वाढेल. पुढचा स्ट्रट बार दोन टॉवर एकमेकांना बांधतो, भाराची वाटणी बदलत नाही. आधुनिक, कणखर बांधणीच्या गाडीत त्याने अंडरस्टिअर गेल्याचे मला कधी मोजता आलेले नाही.

बाहेर पडतानाच्या अंडरस्टिअरवर खरा उपाय डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचात, आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे आतले हलके चाक घसरू लागले की बाहेरच्या चाकाला तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. हेलिकल किंवा प्लेटचा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतो आणि गाडीला अक्षरशः वळणात ओढतो. शक्तिशाली गाड्यांत निर्मात्यांनी याच्या जोडीला स्टीअरिंगचा अक्ष स्ट्रटपासून वेगळा केला. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसमधील रेव्होनकल आणि २०१७ च्या होंडा सिव्हिक टाइप आरमधील दुहेरी अक्षाचा स्ट्रट ही त्याची उदाहरणे. साध्या हॅचबॅकला एवढ्या खोलात जाण्याची गरज नसते.

आता धोक्याची बाजू. मागची पकड घटवलेली फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी ॲक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंत सुरेख वागते. चालक वळणात दचकून पाय काढतो तेव्हा भार पुढे येतो, आधीच हलके झालेले मागचे टोक आणखी हलके होते आणि गाडी गिरकी घेते. प्यूजो २०५ जीटीआय याच स्वभावासाठी ओळखली जाई. ऑडी टीटीच्या पहिल्या पिढीत अतिवेगाने लेन बदलताना आणि वळणात अपघात झाल्यावर कंपनीने २००० च्या सुमारास गाड्या परत बोलावल्या आणि मागचा स्पॉयलर, ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून ती सावरणारी यंत्रणा) आणि सस्पेन्शनमधील बदल बसवून दिले. एवढे अभियंते हाताशी असलेल्या कंपनीलाही ही रेषा ओळखणे अवघड गेले, हे लक्षात असावे. म्हणून वर्तुळावरच्या चाचणीत, मर्यादेजवळ असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडून मागचे टोक काय करते ते पाहणे मी सक्तीचे मानतो, आणि तेही कोरड्या व पाणी टाकलेल्या अशा दोन्ही जमिनींवर. मागचा टो शून्याच्या पलीकडे, म्हणजे बाहेर, रस्त्यावरच्या गाडीत देऊच नये. टॉर्शन बीममध्ये तो पातळ शिम घालूनच बदलतो, तेव्हा सहसा कोणी त्या वाटेला जात नाही हे बरेच आहे. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून नवे टायर पुढे आणि झिजलेले मागे घालण्याची सवय असेल, तर जाड बार बसवण्यापूर्वी ती मोडावी. ईएसपी चालू ठेवावे. ते बदललेल्या गाडीत कदाचित लवकर हस्तक्षेप करेल, तो त्रास सोसावा.

प्रश्नकर्त्याने पुढील क्रमाने जावे. आधी चारही टायर एकाच बनावटीचे आणि समान झिजेचे आहेत का ते पाहावे, आणि बुश व बॉल जॉइंट तपासावेत. मग पुढच्या स्ट्रटवर केबल-टाय बांधून बंप स्टॉपची खात्री करावी आणि गाडी लोअर आर्म आडवा होईल इतकी वर घ्यावी. त्यानंतर कॅम्बर बोल्टांनी पुढे ऋण पावणेदोन अंश, दोन्ही बाजूंना सारखा, आणि शेवटी टो शून्य. इथे वर्तुळावर पुन्हा वेळ घ्यावी. अजून नाक बाहेर जात असेल तर मागच्या टायरांतील हवेचा दाब ०.२ बारने (इथे बार हे दाबाचे एकक) वाढवून एक तात्पुरता प्रयोग करावा. तेवढ्याने गाडी हवी तशी वागली तर मागच्या अँटी-रोल बारचे सर्वांत मऊ छिद्रच पुरेसे होईल, आणि फरकच पडला नाही तर बार मध्यम छिद्रावर लावून, ॲक्सिलरेटर सोडण्याच्या चाचणीसह, पुन्हा मोजणी करावी.